बाजाराची दुसरी प्रत

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीच्या वायद्यांची एक्स्पायरी होती, त्यामुळे महिनाभराचे सौदे मिटवायची घाई सगळ्यांनाच होती. सकाळी दहा वाजून काही मिनिटं झाली आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या पडद्यांवरचा निफ्टीचा आकडा हलायचा थांबला. गंमत म्हणजे शेअर घेतले-विकले जातच होते. एकेका कंपनीचा भाव खाली-वर होत होता. त्या पन्नास भावांवरून निघणारा निर्देशांक तेवढा जागच्या जागी. दीड तास बाजार असाच चालला. मग अकरा-चाळीसच्या सुमारास एक्स्चेंजनं सगळे विभाग बंद केले.

देशातला सगळ्यात मोठा शेअर बाजार भर दिवसा ठप्प झाला होता. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता, कुणी यंत्रणेत घुसलंही नव्हतं. वांद्रे-कुर्ला संकुलातली मुख्य यंत्रणा जागेवर होती. तिची दुसरी प्रत मुंबईतच होती आणि तिसरी चेन्नईत. तीन-तीन प्रती हाताशी असताना बाजार जवळपास चार तास बंद कसा राहिला, हे समजून घ्यायचं तर या प्रती आल्या कुठून, तिथून सुरुवात करायला हवी.

संगणक येण्याआधी मुंबईच्या शेअर बाजाराकडे नोंदींची एक अजब पण भक्कम पद्धत होती. दलाल स्ट्रीटवरच्या फिरोज जीजीभॉय टॉवर्समधल्या रिंगणात आरडाओरडा आणि हातांच्या खुणा यांवर सौदे व्हायचे. सौदा झाला की घेणारा आपल्या वहीत टिपायचा, विकणारा आपल्या वहीत. संध्याकाळी पेढीवर गेल्यावर या टिपणांचा ताळा घ्यायचा. जुळलं नाही तर तो ‘वांधा’. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडण्याआधी समोरासमोर बसून तो सोडवायचा. प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी, आणि तीही परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या दोन माणसांकडे! नक्कल खरी आहे की नाही याची इतकी कडक तपासणी आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरनं करून दाखवावी.

सौद्याची नोंद अशी दुहेरी. पण ज्याचा सौदा झाला तो शेअर मात्र एकच कागद. शेअर सर्टिफिकेट पोस्टात गहाळ झालं, भिजलं, चोरीला गेलं, की मालकी सिद्ध करता करता वर्ष जायचं. हस्तांतराच्या फॉर्मवरची सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळली नाही, तर ‘बॅड डिलिव्हरी’ असा शेरा मारून सगळा गठ्ठा परत यायचा. बनावट सर्टिफिकेटं निघायची ती वेगळीच. १९९२ साली हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं तेव्हा या कागदी व्यवस्थेचं पार वस्त्रहरण झालं. रोख्यांच्या बदल्यात बँका एकमेकींना पावत्या देत होत्या आणि त्यांतल्या कित्येक पावत्यांच्या मागे रोखेच नव्हते. अशा पावत्या देणाऱ्यांत आपली बँक ऑफ कराडही होती. त्या प्रकरणात ती बुडाली.

पुढच्याच वर्षी, १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांमधला पहिला स्फोट झाला तो याच शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात. माणसं गेली, इमारतीची मोडतोड झाली. तरी पुढच्या आठवड्यात सौदे सुरू झाले. तेव्हाचा बाजार म्हणजे माणसं आणि वह्या. बसायला जागा आणि आवाज द्यायला गळा असला की बाजार भरवता येत होता. वर्ष-दोन वर्षांत ही सोय कायमची गेली.

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनं ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरचे सौदे सुरू केले ते रिंगणाविना. वरळीच्या महिंद्र टॉवर्समध्ये मध्यवर्ती संगणक आणि गावोगावच्या दलालांच्या गच्च्यांवर उपग्रहाशी बोलणाऱ्या डिश. टेलिफोनच्या तारांवर विसंबण्यासारखी तेव्हा परिस्थितीच नव्हती. पावसाळ्यात साधा फोन चार-चार दिवस मुका व्हायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना डिशचा आग्रह वेगळा समजवायला नको. छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन परत यायला सिग्नलला पाव सेकंद लागे. त्या काळी एवढा उशीर कुणाला जाणवतही नव्हता. पुण्या-सोलापूरच्या दलालाला मुंबईतल्या दलालाच्याच भावानं, त्याच रांगेत उभं राहून शेअर घेता येऊ लागला. नव्या बाजारानं वर्षभरातच उलाढालीत जुन्या बाजाराला मागे टाकलं. दलाल स्ट्रीटनंही मग वेळ घालवला नाही. १९९५ च्या मार्चमध्ये सीएमसी या सरकारी कंपनीनं तयार केलेली ‘बोल्ट’ प्रणाली तिथे आली आणि रिंगण शांत झालं.

या दोन्ही बाजारांनी घेतलेली यंत्रं नीट पाहण्यासारखी होती, कारण ‘बंद न पडणारा संगणक’ ही कल्पना त्यांत प्रत्यक्ष उतरलेली होती. दलाल स्ट्रीटवर टँडम कंपनीचे संगणक होते. ही अमेरिकन कंपनी १९७४ मध्ये निघाली आणि तिचं पहिलं यंत्र गेलं सिटीबँकेकडे. बँका आणि बाजार यांच्यासाठीच जणू तिचा जन्म. टँडममध्ये प्रत्येक कामाची एक जोडी असे: एक प्रत काम करणार, दुसरी तिच्या पावलावर पाऊल ठेवून तयार राहणार. पहिली कोसळली तर दुसरीनं तिथूनच पुढे चालू करायचं.

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनं निवडलेल्या स्ट्रॅटसची तऱ्हा वेगळी. तिथे एकाच बोर्डवर दोन प्रोसेसर तोच हिशेब त्याच क्षणी करायचे आणि दर टप्प्याला उत्तरं ताडून पाहिली जायची. उत्तरं जुळली नाहीत, तर चूक कुणाची याचा वाद घालत न बसता तो अख्खा बोर्ड स्वतःला बाजूला काढायचा आणि शेजारचा तसाच दुसरा बोर्ड काम पुढे नेत राहायचा. बिघाडाची वर्दी यंत्र स्वतःच फोनच्या तारेवरून कंपनीला द्यायचं. स्ट्रॅटसवर काम केलेले लोक एक किस्सा आवडीनं सांगतात: आपला बोर्ड बिघडलाय हे संगणक-खात्याला कळायचं ते बदली बोर्डाचं कुरियर दारात आलं की!

पण यंत्र कितीही जोडीचं असलं तरी वाट एकेरी असेल तर काय, याचा अनुभव लवकरच आला. ‘इन्सॅट-२डी’ हा उपग्रह जून १९९७ मध्ये सोडला गेला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचा वीजपुरवठा बिघडून तो निकामी झाला. बाजाराच्या डिश याच उपग्रहाकडे तोंड करून होत्या. वरळीतले दुहेरी संगणक धडधाकट, दलाल आपापल्या खुर्चीत हजर, आणि मधला दुवा आकाशात मेलेला. शेकडो गच्च्यांवर माणसं चढवून डिशची तोंडं फिरवायचं काम हा काही आपत्ती-योजनेच्या फायलीतला भाग नव्हता. पुढे बाजारानं जमिनीवरच्या तारांचीही जोड दिली, ती या अनुभवानंतर.

दरम्यान याहून मोठा बदल फारसा गाजावाजा न होता घडला होता. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख चंद्रशेखर भावे, महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी. लोकांनी कागद आणून द्यायचे, ते रद्द करायचे आणि त्या जागी खात्यात नोंद करायची, असं हे ‘डिमॅट’चं काम. सुरुवातीला गुंतवणूकदार कागद सोडायला राजी नव्हते. तिजोरीतल्या सर्टिफिकेटवर हात फिरवता येतो, पडद्यावरच्या आकड्यावर काय फिरवणार? पुढे ठरावीक शेअरच्या सौद्यांना डिमॅट सक्तीचं झालं आणि काही वर्षांत बॅड डिलिव्हरी हा प्रकारच संपला. पण आता नोंद हीच मालकी झाली होती. नोंदीमागे दुसरं काही नाही. सर्टिफिकेट हरवलं तर एका कुटुंबाचं नुकसान व्हायचं. ही वही हरवली तर देशातल्या प्रत्येक भागधारकाचं.

मग या वहीची दुसरी प्रत ठेवायची तरी किती लांब? २००१ पर्यंत ‘शेजारच्या इमारतीत’ हे उत्तर अनेक ठिकाणी पुरेसं मानलं जायचं. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर ११ सप्टेंबरला हल्ला झाला तेव्हा कित्येक संस्थांचं पर्यायी कार्यालय त्याच भागात चार गल्ल्या पलीकडे होतं आणि दोन्हीकडच्या फोनवाहिन्या बऱ्याचदा एकाच टेलिफोन एक्स्चेंजमधून जात होत्या. त्या टेलिफोन एक्स्चेंजची इमारतही हल्ल्यात सापडली. कँटर फिट्झजेराल्ड या रोखे-दलाल कंपनीचे ६५८ लोक त्या सकाळी गेले. तरीही तिची इलेक्ट्रॉनिक रोखे-बाजाराची यंत्रणा दोन दिवसांत उभी राहिली, कारण तिची जोड-प्रत नदीपलीकडे न्यू जर्सीत होती आणि ती चालवता येणारी थोडी माणसं वाचली होती. या हकिगतीतली प्रत सगळ्यांच्या लक्षात राहते. मला वाटतं, माणसं अधिक महत्त्वाची होती.

मुंबईला वेगळा हल्लेखोर भेटला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदीनं आपली हडपलेली जागा परत मागितली. ज्या वांद्रे-कुर्ला संकुलात देशाची आर्थिक राजधानी नव्यानं वसवली जात होती, ते संकुल मिठीच्याच काठावर भरणी टाकून उभं केलेलं आहे! एकाच पावसानं, एकाच वीजबिघाडानं अडकेल अशा ठिकाणी सगळ्या प्रती ठेवून भागणार नाही, हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही. बाजाराची दूरची प्रत चेन्नईत गेली.

लांब गेलं की मात्र भौतिकशास्त्र आडवं येतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेतच हजार किलोमीटरहून जास्त. प्रत्येक सौदा ‘चेन्नईतही लिहिला गेला’ अशी पोच आल्याशिवाय पक्का धरायचा नाही असं ठरवलं, तर दर सौद्याला निदान दहा सहस्रांश सेकंद थांबावं लागणार. आपल्याला ते काहीच वाटत नाही. ज्या बाजारात सेकंदाच्या दशलक्षांश भागासाठी दलाल भाडं मोजतात तिथे तो अनंतकाळ आहे. म्हणून चेन्नईची प्रत थोडी मागून येते. मुंबई अचानक गेली तर शेवटचे काही क्षण चेन्नईला ठाऊकच नसणार. ते क्षण वाचवण्यासाठी मग मुंबईतच आणखी एक जागा केली गेली, ‘नजीकचं केंद्र’. ते इतकं जवळ की मुख्य केंद्रात लिहिलेलं अक्षर त्याच क्षणी तिथेही उमटावं.

इथे एक गल्लत नेहमी होते. क्षणोक्षणी उमटणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका दलाली पेढीकडून चुकून आलेल्या सुमारे साडेसहाशे कोटींच्या विक्रीच्या ऑर्डरींनी निफ्टी काही क्षणांत नऊशे अंक कोसळला. ती चूकही जोड-प्रतीत तितक्याच निष्ठेनं उमटणार. आरसा काही चांगलं-वाईट निवडत नाही. चुकीच्या आधीची स्थिती हवी असेल तर ठरावीक वेळी घेतलेली, मग हात न लावलेली वेगळी नक्कल लागते. आणि पाच वर्षांपूर्वीचा सौदा कोर्टात दाखवायचा तर शिस्तीत लावलेलं दप्तर. ही तिन्ही कामं वेगळी. दुकानदारापासून बँकेपर्यंत कितीतरी लोक त्यांतलं एक करून तिन्ही झाल्याच्या समाधानात असतात.

तर २४ फेब्रुवारीच्या सकाळी मुंबईतली ती दोन जवळची केंद्रं एकमेकांशी बोलायची थांबली. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या तारा होत्या, अनेक मार्ग होते. पण रस्त्याच्या बाजूला खोदकाम आणि बांधकाम चाललं होतं आणि दोन्ही कंपन्यांच्या तारांना त्याचा फटका बसला. कागदावर दोन असलेल्या वाटा मुंबईच्या मातीत किती जवळून जातात, हे खोदणाऱ्यालाच आधी कळतं.

इथपर्यंत हे सहन होण्यासारखं होतं. आराखड्यानुसार, केंद्रांमधला दुवा तुटला तर मुख्य केंद्रातल्या डेटा-साठ्यानं दुसऱ्याचा नाद सोडून एकट्यानं चालू राहायचं. तसं झालं नाही. एक्स्चेंजच्या पुढच्या खुलाशानुसार, साठ्याच्या यंत्रणेत पुरवठादारानं घातलेली तर्कव्यवस्था मागणीबरहुकूम नव्हती. जोडीदाराशी संपर्क तुटताच धडधाकट साठासुद्धा काम द्यायचा थांबला. डेटा सुरक्षित राहावा म्हणून बांधलेला दुवाच तो डेटा हाती लागू देईना!

सौदे जुळवणारी यंत्रणा या साठ्यावर अवलंबून नव्हती, म्हणून ती चालत राहिली. सौदे पुरे करण्याची हमी घेणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम-नियंत्रण यंत्रणा मात्र त्याच साठ्यावर होती. निर्देशांक आणि पाळत ठेवणारी यंत्रणाही. कुठल्या दलालाकडे किती मार्जिन शिल्लक आहे, कुणाचा सौदा त्याच्या ऐपतीबाहेर चालला आहे, हे दर क्षणी पाहणारा डोळाच मिटला. असा बाजार चालवणं धोक्याचं, म्हणून तो बंद केला. तो निर्णय बरोबर होता. तो घ्यायला दीड तास का लागला, हा प्रश्न मात्र उरला.

दुपारी दलालांच्या कार्यालयांत जे चाललं ते अधिक वाईट होतं. एक्स्चेंज कधी सुरू होणार, सुरू होणार की नाही, काहीच कळेना. इंट्राडे सौदे करणाऱ्यांचं दिवसअखेर खातं मोकळं करावं लागतं. बाजार साडेतीनला मिटतो, म्हणून तीनच्या सुमारास पेढ्यांची यंत्रणा राहिलेल्या पोझिशन आपोआप कापते. मुंबई शेअर बाजार चालू होता, तेव्हा अनेक पेढ्यांनी ग्राहकांचे सौदे तिथे, मिळेल त्या भावाला, मोडून टाकले. आणि तीन वाजून गेल्यावर जाहीर झालं, की पावणेचार वाजता बाजार पुन्हा उघडेल आणि पाचपर्यंत चालेल. त्या सव्वा तासाला धरून मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स दिवसअखेर १,०३० अंकांनी वर बंद झाला. ज्यांचे तेजीचे सौदे अर्ध्या तासापूर्वी सक्तीनं मोडले गेले होते, त्यांनी ती तेजी पडद्यावर पाहिली.

चेन्नई मात्र दिवसभर राखीवच राहिली. याचं कारण यंत्रात कमी आणि निर्णयात जास्त सापडतं. मुख्य केंद्र पूर्ण जळालं असतं तर प्रश्नच नव्हता. इथे अर्धी यंत्रणा चालू, अर्धी ठप्प. अभियंते साठा दुरुस्त करत होते आणि दर अर्ध्या तासाला ‘आता होईल’ अशी आशा होती. चेन्नईला जायचं म्हणजे चालू असलेली सौद्यांची यंत्रणाही बंद करून न्यायची, मागे राहिलेल्या नोंदींचा ताळा घ्यायचा, आणि एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी सगळ्या देशाला नव्या पत्त्यावर वळवायचं. अशा वेळी माणूस दुरुस्तीचीच वाट पाहतो. ‘आपत्ती’ हा शब्द उच्चारायला कुणी धजत नाही, कारण तो उच्चारला की आपल्या नावावर लागतो.

शेअर बाजारांची नियामक असलेल्या सेबीनं नेमकं तिथेच बोट ठेवलं. २२ मार्च २०२१ च्या परिपत्रकानं निर्णयाला घड्याळ लावलं: महत्त्वाची यंत्रणा ठप्प झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून कामकाज सुरू व्हायला हवं, आणि मागे राहिलेला डेटा १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. मुख्य आणि दूरच्या केंद्रांत निदान पाचशे किलोमीटरचं अंतर. या बिघाडाच्या प्रकरणात एक्स्चेंज आणि तिची क्लिअरिंग संस्था यांनी २०२३ मध्ये सेबीकडे मिळून ७२ कोटींहून अधिक रुपये भरून तडजोड केली.

राहिला सराव. सुट्टीच्या दिवशी खोटे सौदे करून पर्यायी केंद्र तपासायची पद्धत जुनीच होती. तिच्यावर कुणाचा फारसा भरवसा नव्हता, कारण खोट्या पैशाला कुणी खरं घाबरत नाही. म्हणून खऱ्या पैशांनी, खऱ्या सौद्यांनी, मधल्या वेळी केंद्र बदलून पाहायचं ठरलं. पहिला मुहूर्त होता शनिवार, २० जानेवारी २०२४. पण २२ तारखेला अयोध्येतल्या सोहळ्यानिमित्त महाराष्ट्रात सुट्टी जाहीर झाली, बाजार सोमवारी बंद ठेवायचं ठरलं आणि त्याची भरपाई म्हणून शनिवारी नेहमीचाच पूर्ण बाजार भरला. आपत्तीची रंगीत तालीमच पुढे ढकलावी लागली! ती झाली २ मार्चच्या शनिवारी. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून सौदे, मग मध्यंतर, आणि साडेअकरापासून तासभर पर्यायी केंद्रावरून. भाव भलतीकडे जाऊ नयेत म्हणून चढ-उताराची मर्यादा पाच टक्क्यांवर आणली होती. लोकांना फरक कळला नाही. १८ मे रोजी तोच प्रयोग पुन्हा झाला.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला सेबीनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. आता एका एक्स्चेंजची यंत्रणा बंद पडली तर दुसऱ्या एक्स्चेंजनं तिची जागा घ्यायची: नॅशनल स्टॉक एक्स्चेंजला पर्याय मुंबई शेअर बाजार, आणि त्याला पर्याय नॅशनल. एकाच बाजारात नोंदलेल्या शेअरचे सौदे दुसऱ्याकडे राखीव ठेवायचे, म्हणजे गरज पडताच ते तिथे उघडता येतील. १ एप्रिल २०२५ पासून ही व्यवस्था लागू झाली. १९९४ मध्ये ज्याचं गिऱ्हाईक पळवायला वरळीचा बाजार उघडला होता, त्याच दलाल स्ट्रीटकडे आता त्याची आणखी एक राखीव जागा आहे.